विहाराची किल्ली कुणाच्या खिशात?

पाचवं शील आपल्याला तोंडपाठ आहे. चौदा एप्रिलला म्हणतो, लग्नात म्हणतो, मयताला म्हणतो. आणि साधू साधू म्हणून होत नाही तोवर मंडपामागं क्वार्टर फुटते. ह्यावर आपण करतो काय? भाषण. स्टेजवरून बेवड्याला बाबासाहेबांचा गद्दार ठरवतो, टाळ्या घेतो. तो गद्दार मान खाली घालून उठतो आणि गुत्त्यावर जातो. कारण अख्ख्या वस्तीत त्याला 'ये, बस' म्हणणारी तेवढी एकच जागा आहे.

दोस्त हो, माझं भांडण एवढ्याचंच आहे. दारू सोडणाऱ्याला बसायला जागा लागते. ती आपण दिली नाही, परक्यांनी दिली.

माझा थोरला भाऊ कंत्राटदाराकडं गटारात उतरायचा. 1993 चा कायदा झाला, 2013 चा झाला, मुकादम मात्र उतरण्याआधी हातात पाव ठेवायचा. ती घाण शुद्धीवर उतरून दाखवा, मग दादाला शील शिकवा. आमचे अभ्यासू कार्यकर्ते म्हणतात, दारू हे व्यवस्थेचं हत्यार आहे, व्यवस्था बदलली की जाईल. बरोबर आहे. पण दादाचं लिव्हर क्रांतीसाठी थांबणार नव्हतं. कुणी म्हणतं बंदी करा. चंद्रपुरात 2015 ला बंदी आली, 2021 ला उठली. त्याच 2015 च्या जूनमध्ये मालवणीत विषारी दारूनं शंभरावर माणसं मेली. बंदी असो की परवाना, संध्याकाळी सातला ज्याचे हात कापतात त्याला सातला जायला ठिकाण पाहिजे.

आधी दवाखाना, हे डोक्यात घ्या. रोज ढोसणाऱ्याची एकदम बंद केली तर दोन-तीन दिवसांत फिट येते, नाही नाही ते दिसायला लागतं, माणूस मरतोसुद्धा. आपल्याकडं त्याला बाहेरची बाधा म्हणतात आन् मांत्रिकाकडं नेतात. सरकारी दवाखान्यात मानसोपचाराचा डॉक्टर गाठा. 14446 हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे, पैसे पडत नाहीत. मिटिंगा जवळ कुठं होतात ते अशाच ठिकाणी कळतं. आम्हाला दवाखान्यातल्या वॉर्डबॉयनं सांगितलं.

अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस. 1935 साली अमेरिकेतल्या अॅक्रन गावात एक शेअरबाजारवाला आणि एक सर्जन, दोघेही पक्के बेवडे, एकमेकांशी बोलत बसले, त्यातनं हे निघालं. भारतात 1957 पासून आहे. फी नाही. टोपली फिरते, जमेल ते टाका, त्यातनंच चहा आणि जागेचं भाडं. काही मिटिंगा फक्त पिणाऱ्यांच्या, काही सगळ्यांना खुल्या. खुल्या मिटिंगला मी दादाबरोबर गेलो. शाळेचा वर्ग, पोरांचे बुटके बाक. माणूस उठतो, नाव सांगतो, मी बेवडा आहे म्हणतो आणि बोलतो. मधे कुणी तोंड घालत नाही. उपदेश नाही.

आणि फक्त नाव. आडनाव नाही. हे वाचून पुढं जाऊ नका, थांबा जरा. ह्या देशात आडनावामागनं गाव येतं, गावामागनं वस्ती येते, आणि मग पाण्याचा ग्लास वेगळा होतो. तिथं जात मेलीय असं मी म्हणत नाही. बोलण्यावरनं, चपलेवरनं कळतेच. पण विचारायची सोय नाही. दादा आयुष्यात पहिल्यांदा परक्या माणसांत आडनावाशिवाय बोलला, पाऊण तास.

आमचा एक पुढारी म्हणाला, ती देवाची भानगड आहे, आपलं काम नाही. आहे खरी. त्यांच्या बारा पायऱ्यांत देव परत परत येतो. पण सुरवातीच्याच नास्तिक मेंबरांनी भांडून तो देव ज्याच्या त्याच्या समजुतीवर सोडायला लावला. शेवटी प्रार्थना होते तेव्हा दादा गप्प उभा राहतो. कुणी हाकललं नाही. दुसरा म्हणाला, हतबल आहे असं कबूल करायला लावतात, आपण लढणारी माणसं. अरे, हतबल दारूपुढं म्हणायचं, पाटलापुढं नाही.

देव नकोच असेल तर आपली मिटिंग उभी करा ना! अमेरिकेत 2019 पासून रिकव्हरी धर्मा नावानं चार आर्यसत्यं आणि अष्टांगमार्ग घेऊन व्यसन सोडणारे बसतात. आणि 14 ऑक्टोबर 1956 ला लाखोंनी दारू न पिण्याची प्रतिज्ञा घेतली ते आपण, आपल्या विहाराला आठवडाभर कुलूप.

मी आमच्या विहाराच्या कमिटीकडं आठवड्यातनं एक संध्याकाळ मागितली. दोन तास. उत्तर आलं, बेवडे आत बसले तर पावित्र्य काय राहणार? पावित्र्य! 1927 ला महाडचं तळं बाटलं म्हणून त्यात शेण-गोमूत्र ओतणाऱ्यांचा शब्द आपल्या कमिटीच्या तोंडात! बुद्धमूर्तीला बेवड्याचा विटाळ होतो, आणि जयंतीच्या वर्गणीला गुत्तेवाल्याची पावती फाडताना होत नाही?

वहिनी म्हणते, बायांनाही द्या एक वार. घरच्यांच्या मिटिंगा वेगळ्या असतात, अल-अॅनॉन म्हणतात. मार पिणाराच एकटा खात नाही.

किल्ली अध्यक्षाच्या खिशात आहे. रविवारी वंदना झाली की मी परत मागणार आहे. तुमच्या वस्तीत तुम्ही मागा. नाही दिली तर सातला विहाराच्या पायरीवर बसू. चहा मी आणतो.