रस्त्यावरचे शब्द आणि विश्वकोश

‘पोट्टा’ हा शब्द नागपूरच्या रस्त्यावर सर्रास ऐकू येतो. विश्वकोशात त्याची स्वतंत्र नोंद असावी काय? नसावी, मात्र तो अशिष्ट आहे हे त्याचे कारण असू शकत नाही. ‘मुलगा’ हा अर्थ, प्रदेश आणि प्रयोग नोंदविला की सांगण्यासारखे फारसे उरत नाही. ते काम शब्दकोशाचे होय. ‘मटका’ या शब्दाचे तसे नाही. ‘एक प्रकारचा जुगार’ एवढा अर्थ दिल्यावरही न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातील दरांवर मुंबईत लागणाऱ्या पैजा, पुढे मडक्यातून आकडे काढण्याची पडलेली रीत आणि त्यात गुंतलेला गिरणी कामगार हे सारे सांगावयाचे राहतेच. नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ (१९७२) वर्गात शिकविताना हीच अडचण येते. तेथे शब्दार्थांची यादी पुरत नाही. कामाठीपुऱ्यातील व्यवहारांची माहिती लागते. ती विश्वकोशाने शिष्टतेच्या संकोचाने वगळली, तर विद्यार्थी कवितेच्या उंबरठ्यावरच थांबतो. नोंद म्हणजे शब्दाला दिलेले मानपत्र नव्हे. अर्थ सांगून झाल्यावर त्या शब्दामागे किती समाजजीवन उरते, हाच निवडीचा निकष असावा.