नाव चुकले की औषध चुकते

विदर्भात संत्र्याच्या बागा वाळू लागल्या की ‘बुरशीचा प्रादुर्भाव’ अशी बातमी येते. मूळकूज आणि डिंक्या घडवणारा फायटोफ्थोरा मात्र खरी बुरशी नाहीच. त्याच्या पेशीभित्तिकेत प्रामुख्याने सेल्युलोज व ग्लुकन असतात. वंशावळीने तो तपकिरी शैवालांचा आप्त आहे. ‘शेतकऱ्याला कळावे म्हणून सोपा शब्द’ हा बचाव टिकत नाही. शेतकऱ्याजवळ ‘डिंक्या’ हा नेमका शब्द आधीच आहे.

हा वाद केवळ वर्गीकरणाचा असता, तर सोडून देता आला असता. परंतु खऱ्या बुरशांचे पेशीविभाजन रोखणारे कार्बेन्डाझिम फायटोफ्थोरापुढे निष्प्रभ ठरते, आणि त्या व्यर्थ खर्चाचा भार बागायतदारावर पडतो. शिवाय या जीवाचे चलबीजाणू दोन कशाभिकांच्या बळावर मातीतील पाण्यातून पोहत मुळांपर्यंत पोहोचतात. खोडाशी साचलेले पाणी हाच त्यांचा राजमार्ग. म्हणून उत्तम निचरा, खोड कोरडे ठेवणारी दुहेरी आळे पद्धत, जमिनीपासून उंचावर बांधलेला डोळा आणि रोगमुक्त कलमे हे खरे उपाय होत. ‘बुरशी’ म्हणताच नजर पाण्यावरून उठते आणि औषधाच्या बाटलीवर खिळते. विज्ञानवार्तेतील शब्दाची हयगय अशी थेट मुळांपर्यंत झिरपते.