विणकाम मुलांनींही शिकावें

विणकाम ही केवळ मुलींची विद्या, असा समज आपल्याकडे दृढ आहे. परंतु तो टिकण्याजोगा नाहीं. आपल्याच जिल्ह्यांत पट्टणकोडोलीस पुरुष पिढ्यान्‌पिढ्या खड्डामागावर घोंगडीं विणीत आले. मागावरचें विणणें निराळें, हें खरें. पण युरोपांत सुयांवर विणणाऱ्यांच्या जुन्या संघांतही मुख्यत्वें पुरुषच असत.

वेणीच्या नक्षीचा लोकरी स्वेटरच पाहा. सहा टाक्यांची वेणी घालावयाची तर पहिले तीन टाके तिसऱ्या आखूड सुईवर घेऊन पुढें ठेवावे, नंतरचे तीन सुलट विणावे आणि मग राखून ठेवलेले तीन विणावे. पीळ डावीकडे झुकतो. सुई मागें ठेविली तर तो उजवीकडे झुकतो. वेणीमुळें वीण आकसते, म्हणून टाके आरंभींच हिशेबानें अधिक घ्यावे लागतात. मोजणींत एक ओळ चुकली तर नक्षी ती चूक झांकीत नाहीं. उसवून पुन्हा विणणें हाच उपाय.

हिशेब, धीर आणि आपली चूक आपणच उसवण्याची तयारी, हे गुण मुलांस नकोत काय? पालकहो, सुयांची एक जोडी मुलाच्याही हातीं द्या.