उपम्याने जिंकलेली स्पर्धा

दूरचित्रवाणीवरील पाकस्पर्धांत घड्याळाच्या काट्यावर नजर ठेवून धावपळ करणारा बल्लवाचार्य पाहून, त्याचे सारे कर्तृत्व त्या तासाभराच्या कसोटीतच सामावलेले आहे असा जो समज आपल्या तरुणांच्या मनात दृढमूल होत चालला आहे, तो मला खरोखर चिंताजनक वाटतो. कारण त्या तासात जे दिसते, त्यासाठीची उमेदवारी पडद्यापासून फार दूर, वर्षानुवर्षे चाललेली असते.

फ्लॉइड कार्डोझ यांचेच उदाहरण घ्यावे. गोमंतकीय कुळातले आणि मुंबईत वाढलेले कार्डोझ जीवरसायनशास्त्राचे अध्ययन करून मग पाककलेकडे वळले. मुंबईत व स्वित्झर्लंडमध्ये हॉटेल-व्यवसायाचे शिक्षण घेऊन, न्यूयॉर्कच्या ‘लेस्पिनास’मध्ये ग्रे कुन्झ यांच्या हाताखाली त्यांनी खडतर तालीम घेतली, आणि १९९८ साली ‘तबला’ या उपाहारगृहाच्या मुदपाकखान्याची सूत्रे स्वीकारून आपल्या मसाल्यांना तेथील उंची पंक्तीत मानाचे पान मिळवून दिले. एवढी पुंजी गाठीशी असलेला हा माणूस ‘टॉप शेफ मास्टर्स’ या अमेरिकन स्पर्धेत उतरला आणि २०११ साली विजेता ठरला.

अंतिम फेरीत त्यांनी काय मांडावे? उपमा! जो पाहुण्यापुढे ठेवताना आपल्या घरची गृहिणी ‘आज साधाच केलाय हं’ असे संकोचाने म्हणते, तोच उपमा त्यांनी रानअळंबी, कोकम आणि नारळाचे दूध यांच्या संगतीने परीक्षकांपुढे ठेवला. कोकम आणि नारळ यांचे सख्य सोलकढी पिणाऱ्या कोकणी माणसाला सांगावे लागत नाही. परंतु रवा कितपत भाजावा, आधण किती घालावे, अळंबीला सुटणाऱ्या पाण्याने त्याचा गिचका कसा होऊ देऊ नये, हे तारतम्य हातात मुरावे लागते, ते ऐन वेळी कोणाला सुचत नसते. बक्षिसाचे एक लाख डॉलर स्पर्धेच्या रिवाजानुसार त्यांनी निवडलेल्या कार्याला, म्हणजे कर्करोग-संशोधनाला मिळाले.

हा किताब म्हणजे धंद्याची कायमची सनद मात्र नव्हती. न्यूयॉर्कमध्ये २०१६ साली उघडलेले त्यांचे ‘पाववाला’ नाव बदलूनही २०१९ मध्ये बंद पडले. उलट मुंबईत ‘बॉम्बे कॅन्टीन’ व ‘ओ पेड्रो’ ही ज्यांच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता ती उपाहारगृहे, २५ मार्च २०२० रोजी करोनाने त्यांचे वयाच्या ५९ व्या वर्षी निधन झाल्यानंतरही चालू राहिली.

स्पर्धेची स्वप्ने पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींनी अर्जावर सही करण्यापूर्वी एखाद्या चालत्या भटारखान्यात निदान काही वर्षे उमेदवारी करावी, आणि सुटीत घरी आल्यावर आजीजवळ बसून तिच्या हातची सोलकढी नीट शिकून घ्यावी, अशी माझी त्यांना कळकळीची विनंती आहे.