शेवटचं अक्षर वाचा!

मंडळी, कोणाच्या खात्यातले पैसे गेले की आपण सगळे एका सुरात म्हणतो, "एवढा शिकलेला माणूस, फाईल उघडलीच कशी?" या वाक्याची मला मनस्वी चीड आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्याच मराठवाड्यात, हिंगोलीत, एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नपत्रिका आली. दिसायला पीडीएफ, प्रत्यक्षात एपीके! एपीके म्हणजे अँड्रॉईड फोनमध्ये टाकायचा अख्खा प्रोग्राम. सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले.

यावर उपदेश काय? अनोळखी नंबरवरून आलेली फाईल उघडू नका! अहो, आमच्या धारूरात काय किंवा पुण्यात काय, लग्नाच्या दिवसांत निम्म्या पत्रिका अनोळखी नंबरवरूनच येतात. व्याह्यांच्या भाच्याचा नंबर कोणाकडे असतो? आणि ओळखीचा माणूस तरी कुठे सुरक्षित? मे २००० मध्ये 'आय लव्ह यू' नावाचा व्हायरस जगभर पसरला तो ओळखीच्यांच्याच ईमेलमधून. ज्याने फाईल उघडली, त्याच्या पत्त्यांच्या वहीतल्या सगळ्यांना ती आपोआप जायची.

त्या फाईलच्या नावात आधी 'टीएक्सटी' होतं, म्हणजे साधा मजकूर. त्यानंतर खरं शेपूट, 'व्हीबीएस', म्हणजे संगणकाला हुकूम सोडणारी फाईल. पण विंडोज ते शेवटचं शेपूट लपवत असे. लोकांना दिसलं फक्त प्रेमपत्र!

मी जन्मभर मराठी शिकवलं. 'रामाने मारले' आणि 'रामाला मारले' यांत शेवटच्या एका अक्षराने मारणारा आणि मार खाणारा बदलतो. फाईलचंही तसंच. ईएक्सई, एससीआर, बीएटी, व्हीबीएस, एपीके हे प्रत्यय म्हणजे 'ने'. ही फाईल स्वतः काहीतरी करणार! डीओसीएम म्हणजे पोटात मॅक्रो असलेलं वर्डचं पान. झिप ही गाठोडी, सोडल्याशिवाय आत काय ते कळत नाही. पीडीएफही अगदी सोवळी नाही. पण पत्रिका कधीही एपीके नसते. मजकूर वाचायला फोनमध्ये प्रोग्राम टाकायची परवानगी कशाला लागेल?

आणि विंडोज आजही नेहमीच्या फाईलींची शेपटं मुळात लपवूनच ठेवतं. ती दिसावीत म्हणून सेटिंग आपण शोधायचं! वाक्यातला प्रत्यय खोडायचा आणि वर विद्यार्थ्याला नापास करायचं, असा हा न्याय. असा पेपर मी काढला असता तर पालकांनी मला शाळेतून हाकललं असतं.

तेव्हा माझं म्हणणं एवढंच. कंपन्यांनी पूर्ण नाव दाखवावं, शाळांनी ते वाचायला शिकवावं. आणि घरातल्या भाच्या-पुतण्यांनो, म्हाताऱ्यांना 'तुम्हाला कळत नाही' म्हणण्याऐवजी पाच मिनिटं शेजारी बसून शेवटचं अक्षर कुठे बघायचं ते दाखवा. अक्षरओळख आम्हीच तुम्हाला करून दिली होती ना?

पटत नसेल तर खुशाल भांडायला या. चहा तयार आहे.