दोन काड्यांवर तोललेला जीव

कराडला विजेची ओळख नव्याने करून देण्याचे कारण नाही. शेजारच्या पाटण तालुक्यातील कोयना प्रकल्पातून १९६२ साली वीजनिर्मिती सुरू झाली आणि आज त्याची क्षमता १९६० मेगावॅट आहे. या विजेसाठी कोयना खोऱ्यातील गावे जलाशयाखाली गेली, पिढ्यान्‌पिढ्यांची घरे सोडून माणसे परमुलखात गेली. ज्या कराडच्या वेशीवरील ओगलेवाडीने एकेकाळी घरोघर प्रभाकर कंदील पोचवला, तेथे आता दरवाजाचे लाकूड घासून गुळगुळीत करण्याचे कामही विजेच्या सँडरवर होते. श्रम हलके झाले, ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु इतकी सामाजिक किंमत मोजून मिळवलेली ही शक्ती प्रत्यक्ष राबणाऱ्या हातात कोणत्या मार्गाने पोचते, हे पाहू गेल्यास मान खाली घालावी लागते.

अर्धवट बांधलेल्या इमारतीत सॉकेट एका टोकाला असते आणि सुताराचे काम दुसऱ्या टोकाला. मधले अंतर एक लांब वायर तोडते. तिला जागोजाग चिकटपट्टी लावलेली असते. पुष्कळदा तिला प्लगही नसतो. उघडी टोके सॉकेटात खुपसून काडेपेटीच्या दोन काड्यांनी ती घट्ट बसवली जातात. काड्या दोन, म्हणून तारा दोन. तिसरी तार, म्हणजे अर्थिंगची, बाहेरच राहते. यंत्राचे अंग धातूचे असेल आणि आत कोठे तार उघडी पडली, तर वीज जमिनीकडे जाण्यासाठी जी वाट शोधते, ती कामगाराच्या देहातून जाते. चौकोनात चौकोन अशी खूण असलेल्या दुहेरी वेष्टनाच्या यंत्राला अर्थिंग लागत नाही, हे खरे. पण त्याचीही वायर चिरली गेली असेल, तर ती खूण कामगाराला वाचवू शकत नाही.

‘फ्यूज आहे, एमसीबी आहे, मग भीती कशाची?’ हा प्रश्न सर्वत्र ऐकू येतो. या प्रश्नातच घातक गैरसमज आहे. फ्यूज किंवा एमसीबी वायरिंगचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. ६ अँपिअरची एमसीबी म्हणजे ६००० मिलिअँपिअर. माणसाचे हृदय बंद पाडण्यास त्यातले काही दशक मिलिअँपिअर पुरे होतात. त्याआधीच स्नायू आखडून हात यंत्रावर आवळला जातो आणि सोडवू म्हटले तरी सुटत नाही. माणसाला वाचवणारे साधन वेगळे आहे. ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी जाणाऱ्या आणि परतणाऱ्या प्रवाहातील फरक ओळखून क्षणार्धात वीज तोडते. तिच्यावर चाचणीचे बटण असते. ते मधूनमधून दाबून पाहण्यास कोणत्याही पदवीची आवश्यकता नाही.

सँडरचे धोके आणखीही आहेत. गुंडाळलेल्या स्थितीतच वापरलेली वायर तापते आणि तिचे वेष्टन वितळते. म्हणून ती पूर्ण उलगडली पाहिजे आणि यंत्राच्या भाराला पुरेल इतकी जाडही असली पाहिजे. पॉलिश पेपर बदलताना वायर सॉकेटातून काढली पाहिजे. वीज गेली असता खटका चालूच राहिला, तर ती परतताच यंत्र आपोआप फिरू लागते. मोटरच्या ठिणग्या, लाकडाचा भुसा आणि थिनरची वाफ एकत्र आली की आगीला निमंत्रणच. शिवाय लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचा निर्णय कर्करोगावरील आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेने १९९५ सालीच दिला. तरीही कामगाराच्या नाकावर बहुधा त्याचाच रुमाल असतो.

अपघात घडला की ‘निष्काळजीपणा’ हा शब्द तत्परतेने उच्चारला जातो. पण वायर कोणाची? सॉकेट कोणाचे? काम चौरस फुटाच्या दराने ठरते. वायर उलगडण्याचा, सांधा तपासण्याचा वेळ त्या दरात धरलेला नसतो. ज्याला सावधपणाचे मोल मिळत नाही, त्याच्याकडून सावधपणाची अपेक्षा करायची आणि तो मेल्यावर दोषही त्याच्याच माथी मारायचा, हा व्यवहार न्यायाचा नाही. सुरक्षितता हा कामगाराचा स्वभावगुण नसून कामाच्या कराराचा भाग आहे.

कायद्याची दिशा मात्र उलटी आहे. विजेवर चालणारा कारखाना ठरण्यास १९४८ च्या कायद्यात १० कामगार पुरत. २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने ही संख्या २० केली. स्वतःच्या राहत्या घराचे १० लाख रुपयांपर्यंतचे बांधकाम १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याबाहेर होते. संहितेने ही मर्यादा ५० लाखांवर नेली. तीन-चार सुतारांची टोळी आणि मध्यमवर्गीयाचा बंगला, म्हणजे जेथे काड्या खुपसल्या जातात नेमकी तीच ठिकाणे, या रेषेखाली राहतात.

पुष्कळ कामगार स्वतःच ‘आजवर काही झाले नाही’ असे म्हणतात, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु रोज काम मिळेल की नाही याची धास्ती असलेला माणूस प्लग मागून ठेकेदाराची नाराजी का ओढवून घेईल? एकट्याने मागितले की ती तक्रार ठरते. सर्वांनी मागितले की तो रिवाज होतो. खर्चाची सबबही टिकणारी नाही. बंगल्याच्या दर्शनी दरवाजावर जे उधळले जाते, त्यापुढे एका आरसीसीबीची आणि तीन तारांच्या चांगल्या वायरीची किंमत नगण्य आहे.

म्हणून कराड, मलकापूर, ओगलेवाडी येथील कार्यकर्त्यांनी हे काम हाती घ्यावे. सुतार, रंगारी, पॉलिशवाले यांना एकत्र बसवून चार अटी ठरवाव्यात : प्लगाविना वायर नको, अर्थिंगविना सॉकेट नको, आरसीसीबीविना काम नको, आणि तपासणीचा वेळ मजुरीत धरलाच पाहिजे. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडील नोंदणीसाठी वर्षात ९० दिवसांच्या कामाचा दाखला लागतो. तो मिळवून देण्याचे कामही याच बैठकीत सुरू व्हावे. ज्या कार्यकर्त्यांची स्वतःची घरे बांधली जात आहेत, त्यांनी आरंभ आपल्याच सॉकेटापासून करावा. दुसऱ्याच्या बंगल्यात न्याय मागणाऱ्याच्या घरी काडेपेटी सापडता कामा नये.