खाडा

दिवाळीला वाशिमला घरी गेले होते. पुण्याहून ट्रॅव्हल्सने रात्र काढली, सकाळी चहाचा कप हातात घेतला, तोच मोबाईलवर एचआरची मेल : 'तुमच्या ११ रजा शिल्लक आहेत, न वापरल्यास लॅप्स होतील.' घ्या, आता रजा संपवायचंही टेन्शन! तेवढ्यात नजर स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर गेली. लाल पेनाने तीन गोल आणि खाली आईचं अक्षर : 'मावशी, खाडा'.

ही आमच्या घरची लीव्ह सिस्टिम. शिल्लक वगैरे भानगड नाही. गोल पडला की पैसे कापायचे. हे तीन गोल मावशींच्या नातवाच्या तापाचे.

आईला कशाला नावं ठेवू? पुण्यात मीसुद्धा मागच्या महिन्यात बाईंचे दोन दिवस कापले. त्याच आठवड्यात मला सर्दी झाली, तर मी बिनदिक्कत 'सिक लीव्ह' टाकली होती. भरपगारी!

मावशी सहा घरची धुणी-भांडी करतात. उन्हाळ्यात आमच्याकडे नळ आले की त्यांना धावत यावं लागतं. नेमके तेव्हाच वस्तीतले नळ आले, तर त्यांच्या घरचं पाणी कोण भरणार? पावडरने बोटांना चिरा पडल्यात, हे मी या खेपेला पहिल्यांदा नीट पाहिलं.

त्या दिवशी भांडी पालथी घालून मावशी म्हणाल्या, "ताई, मले नोंदनी कराची हाय. मालकिनीचं पत्र पायजे म्हनतात."

आई मला आत घेऊन गेली. "पत्र द्यायला काही नाही गं, पण उद्या बोनस मागेल, पेन्शन मागेल…"

मग मी नेटवर बसले. राज्यात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा २००८ सालचा. वय १८ ते ६० असेल तर नोंदणी होते. मिळतं काय? बाळंतपणाला मदत, अंत्यविधीला मदत, असं काहीबाही. म्हणजे आईच्या खिशाला धक्का नाहीच. पण आपण 'कामगार' आहोत, याचा एक कागद हातात येतो. मावशींचं वय आधार कार्डावर ५८. दोन वर्षं अजून ढकलली असती, तर तोही गेला असता.

आणि गंमत बघा, मी ज्या पुण्यात राहते, तिथल्या मोलकरणी १९८० सालीच संपावर गेल्या होत्या. पगारवाढ हवी, भरपगारी सुट्टी हवी, म्हणून. त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. २०११ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय करार झाला : घरकामगाराला आठवड्यातून सलग २४ तास सुट्टी. भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही. आपण मात्र वीकएन्ड दोन दिवसांचा का नाही, यावर कॅन्टीनमध्ये तावातावाने बोलतो!

असो. पत्र मीच लिहायला घेतलं. 'कधीपासून कामावर?' इथे गाडी अडली. आई म्हणाली, दहा-बारा वर्षं झाली असतील. मावशी हसल्या. "जिल्हा झाला न, तवापासून."

वाशिम जिल्हा झाला १ जुलै १९९८ ला. मी तेव्हा तिसरीत होते. आई गप्प झाली. मग चष्मा शोधला आणि सही केली.

मावशींनी कागदाची घडी करून कमरेच्या पिशवीत ठेवली. "सुट्ट्या संपल्या की जातो हापिसात," म्हणाल्या आणि दारात थांबल्या. "पन काकू, त्या दिवशी खाडा पडन."

आईने कालनिर्णयकडे पाहिलं. "त्या दिवसाचे नाही कापणार," म्हणाली.

"आणि नातवाच्या तापाचे?" मी विचारलं.

आई काहीच बोलली नाही. पण पगाराच्या दिवशी तिने पैसे मोजले, ते पूर्ण महिन्याचे. पुण्याला परतल्यावर मीही आधी बाईंचे ते दोन दिवस चुकते केले.

तुमच्या कॅलेंडरवर या महिन्यात किती गोल आहेत?